खळग्याचा दगड

निधीची पाठवणी व्हायला अजून दीड तास होता आणि हरेश्वरच्या पोटातला गोळा काही केल्या खाली उतरत नव्हता. दोन जिलेब्या खाऊन झाल्या, ताक पिऊन झालं, मांडवामागे उगाच चार फेऱ्या मारून झाल्या. गोळा आपला तिथल्या तिथे. सत्तरीतल्या माणसाला नातीच्या लग्नात रडू आलं तर कोणी काही म्हणत नाही, पण हरेश्वरला रडू येत नव्हतं, घाम येत होता. मागच्या अंगणात तुळशीजवळ हळदीकुंकू लावून, झेंडूची माळ घालून जो दगड सजवून ठेवला होता, तो खोटा होता. आणि हे साऱ्या जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक तो स्वतः, दुसरा ज्युड.

आता दगड खोटा म्हणजे काय, हे कळायला पूल कळला पाहिजे.

चिंचआळी आणि खारवडी ही दोन गावं खाडीच्या एका चिंचोळ्या फाट्याच्या दोन काठांना बसलेली. नालासोपाऱ्याच्या इमारती हल्ली इतक्या जवळ सरकल्यात की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या चिंचआळीच्या ओटीवर मोजता येतात, पण तो फाटा अजून आहे, भातखाचरं थोडीफार आहेत. या दोन गावांच्या मध्ये काळ्या दगडांचा तीन कमानींचा पूल होता. कोणी बांधला यावरून चिंचआळीत निदान दोन साखरपुडे मोडता मोडता वाचलेत. कोणी म्हणे फिरंग्यांनी, कोणी म्हणे पेशव्यांनी, आणि हरेश्वरचा बाप म्हणे, आमच्या पणज्याने बांधला. पणज्याला स्वतःचं कुंपण धड बांधता येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्या पुलाच्या बरोबर मध्यावर, मधल्या कमानीच्या माथ्याशी, एक दगड होता. शिवेचा दगड. अलीकडे चिंचआळी, पलीकडे खारवडी. मुलगी या काठावरून त्या काठाला द्यायची, तर वरात त्या दगडाशी थांबायची. मुलीच्या घरातला सगळ्यात मोठा पुरुष त्या दगडावर नारळ फोडायचा. अर्धी वाटी माहेरची, अर्धी सासरची. मग मुलीने त्या दगडावर उजवं पाऊल ठेवायचं आणि पुढे जायचं. शेकडो वर्षं एकाच जागी नारळ आपटून आपटून त्या दगडाला ओंजळीएवढा खळगा पडला होता. चिंचआळीच्या बायकांना नवऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा तो खळगा जास्त ओळखीचा, असं म्हटलं तरी चालेल. निदान त्याच्यात काही बदल व्हायचा नाही.

हरेश्वरची बायको कमळी खारवडीची. तिचा नारळ तिच्या बापाने फोडला. बाप अशक्त, खोकल्याने पोखरलेला, पहिला घाव चुकला, दुसरा चुकला, तिसऱ्याला फुटला. पावसाळा संपायच्या आत बाप गेला. त्यानंतर पन्नास वर्षं कमळी माहेरी जाताना मध्यावर थांबायची, वाकून त्या खळग्याला हात लावायची आणि पुढे व्हायची. हरेश्वर बरोबर असला की तोही थांबायचा, फक्त पाण्याकडे बघत असल्याचं दाखवायचा.

तीन वर्षांपूर्वी जुलैत जो पाऊस आला, त्याने वसई-विरारला काय दाखवलं ते सगळ्यांनी पाहिलं. वरून पाऊस, खालून भरती, आणि कुठल्याशा बिल्डरने भराव टाकून वळवलेलं पाणी तिसरीकडून. सकाळी सातला पुलाची एक कमान गेली, सव्वासातला दुसरी, आणि साडेसातला तिथे पूल होता हे सांगायला दोन काठांना दोन टेकू उरले. किलोमीटरभर वर सरकारने सिमेंटचा पूल बांधला. तो रुंद आहे, मजबूत आहे, त्यावरून टेम्पो जातात. त्याच्याबद्दल कोणालाही काहीही वाटत नाही.

पूल गेला आणि कमळी गप्प झाली. रडली असती तर हरेश्वरला काहीतरी सुचलं असतं. चार दिवस ती चुलीशी बसली, सगळ्यांना वाढलं, स्वतः दोन घासांपलीकडे खाल्लं नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "बापाचा घाव होता तेवढा एकच होता माज्याकडं. तो बी गेला."

हरेश्वर उठला, कोयता घेतला, चिखलात उतरला. आठ दिवस पाणी ओसरेपर्यंत शोधत राहिला. दगड सापडले पुष्कळ, खळग्याचा सापडेना. शेवटी त्याने त्याच पुलाचा एक चांगला चौकोनी दगड बाहेर काढला, प्रितेशच्या टेम्पोत टाकला आणि ज्युडकडे गेला. प्रितेश म्हणजे निधीचा भाऊ, सातिवलीला त्याचं पॅकिंगचं युनिट आहे. त्याला सांगितलं, कपडे धुवायला दगड हवाय.

ज्युड हा पाथरवट. पंचक्रोशीतल्या चर्चच्या दफनभूमीतले निम्मे क्रूस त्याच्या हातचे. हरेश्वरने त्याला सगळं सांगितलं, आणि सांगताना स्वतःच रडला. ज्युडने ऐकून घेतलं. मग छिन्नीने कोरून, वाळू, पाणी आणि जुनी करवंटी घेऊन तीन दिवस घासून असा खळगा पाडला की देवालाही शंका येऊ नये. वरून तेल-हळद चोळून तो मळवला. मोबदला म्हणून एवढंच म्हणाला, "घरात लग्न निघेल तेव्हा जेवायला बोलवा. आनि बाकी मी कोनाला बोलनार नाय. मी फादर नाय, पन मानूस विश्वासानं येतो तर तेवढं कळते मला."

दगड घरी आला. हरेश्वर म्हणाला, "कमळे, सापडला गो! पन गावात बोलू नको, मागायला येतील." कमळीने दगडाकडे पाहिलं, हरेश्वरच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं, पुन्हा दगडाकडे पाहिलं. खळग्यात हात ठेवला. मग उठली आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. त्या दोन भाकऱ्यांसाठी हरेश्वर तीन वर्षं खोटेपणा पोटात घेऊन फिरला, आणि मोठ्या आनंदाने फिरला. दगड तुळशीजवळ बसला. कमळी रोज त्याच्यावर जास्वंदीचं फूल ठेवायची. पावसात खळग्यात पाणी साचायचं आणि चिमण्या येऊन त्यात आंघोळी करायच्या, तेव्हा ती ओटीवर बसून कितीतरी वेळ बघायची.

सगळं नीट चाललं होतं. आणि मग निधीने खारवडीचाच मुलगा पसंत केला!

चिराग, हरेश्वरसमोर पत्त्यांना बसणाऱ्या हिराजीचा नातू. पूल गेल्यापासून या काठावरून त्या काठावर जाणारी ही पहिलीच मुलगी. सगळे म्हणाले, पूल नाही तर नारळ कसा फोडायचा? तेव्हा कमळी भर बैठकीत म्हणाली, "आमच्याकडं दगड हाय." बैठकीत असा काही कल्ला झाला की हरेश्वरला उठून पाणी प्यावं लागलं. ठरलं असं की पुलाच्या जुन्या टेकूशी, काठावर दगड ठेवायचा, तिथे नारळ फोडायचा, पाऊल ठेवायचं आणि मग गाड्यांनी सिमेंटच्या पुलावरून जायचं.

झोप उडाली ती तेव्हापासून. कमळीला समाधान म्हणून एक खोटं बोललं, ते वेगळं. पण नातीचा संसार खोट्या दगडावर पाऊल ठेवून सुरू करायचा? आणि आत्ता सांगायचं तर कमळीला काय वाटेल? तीन वर्षं ज्याला फुलं वाहिली तो कपडे धुवायचा दगड? महिनाभर तो रोज ठरवायचा, आज सांगतो. रोज कमळी हसत समोर यायची आणि हा विचारायचा, "मिरची दळून आनायची होती का गो?" घरात सहा किलो मिरचीपूड झाली.

तर असा तो दिवस. साडेतीनला वरात निघाली. पुढे बेंजो पार्टी, मागे नाचणारे, मध्ये हातगाडीवर माळ घातलेला दगड, आणि दगडामागे नवरा-नवरी. निधी शालू वर धरून नाचत होती, तिची आई दिपिका एका डोळ्याने रडत होती आणि दुसऱ्या डोळ्याने दागिने मोजत होती. मे महिन्याचं ऊन, खाडीवरून येणारा खारा वारा आणि समोर याच काठाला येऊन जमलेलं सगळं खारवडी गाव. ज्युड पहिल्या रांगेत होता. तो प्रत्येक लग्नात पहिल्या रांगेत असतो, हे हरेश्वरला आजवर कधी विचित्र वाटलं नव्हतं.

टेकूशी पोचले, तर तिथे आधीच एक दगड ठेवलेला. त्यालाही माळ. त्यालाही हळदीकुंकू. त्यालाही खळगा.

"सरप्राइज!" चिराग ओरडला. "आमच्याकडे पण आहे ना! आजोबांनी पुरात शोधून काढलेला. सांगत होते कोणाला बोलू नको, पण म्हटलं आजच्या दिवशी नाही तर कधी? सकाळीच आणून ठेवला मी."

हरेश्वरने हिराजीकडे पाहिलं. हिराजी आभाळात बघत होता.

दोन्ही गावं एकदम बोलू लागली. चिंचआळी म्हणाली खरा आमचा, खारवडी म्हणाली खरा आमचा. कोणी पुराव्याला फोटो काढला, कोणी बाप काढला. बेंजोवाल्याला वाटलं उत्साह वाढलाय, त्याने जोरात दुसरं गाणं धरलं, आणि भांडणारे चार जण भांडता भांडता नाचू लागले.

"ज्युडला विचारा!" कोणीतरी म्हणालं. "दगडातलं त्याच्याएवढं कोनाला कळते?"

ज्युडला पुढे ढकललं. तो एका दगडाशी वाकला, दुसऱ्या दगडाशी वाकला, रुमालाने मान पुसली. हरेश्वरने डोळे मिटले. हिराजीनेही मिटले.

"दोन्ही दगड," ज्युड म्हणाला, "पुलाचेच."

"ते कळलं! खळगा कोनाचा खरा?"

"ते मला सांगता येनार नाय."

"का?"

"मला नाय सांगता येनार," ज्युड पुन्हा म्हणाला आणि एकदम खोकला काढून मागे सरकला. हरेश्वरच्या डोक्यात काहीतरी हललं. त्याने डोळे उघडले, तर हिराजीही डोळे उघडून ज्युडकडेच बघत होता.

तेवढ्यात चिंचआळीतल्या जिजाचा नातू गर्दीतून पुढे आला. जिजाचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. नातू म्हणाला, "अहो, पण आमच्या अप्पांनी पण सांगितलेलं. असाच दगड आहे आमच्याकडे. गोठ्यात."

"आमच्याकडे पण!" खारवडीकडून एक पोरगी ओरडली. "पाण्याच्या टाकीखाली!"

"मोटारसायकलच्या स्टँडला लावलाय तो तोच काय, बाबा?"

आता जी काही त्रेधा उडाली ती विचारू नका. पोरं धावली. प्रितेशने टेम्पो काढला. गावात पोचायच्या आधी निरोप पोचले, निरोपाच्या आधी फोटो पोचले. मागे म्हातारे "अरे थांबा! अरे राहू दे!" करत पळत होते, आणि ज्यांना पळता येत नव्हतं ते जागच्या जागी हात हलवत होते. पाऊण तासात काठावर दगडांची रांग लागली. पाच चिंचआळीचे, सहा खारवडीचे. अकरा दगड, अकरा खळगे, सगळे ओंजळीएवढे, सगळे गुळगुळीत. रांगेच्या मागे दहा म्हातारे शाळेत छडी खायला उभे करावेत तसे खाली माना घालून उभे. अकरावा अप्पा, तो बिचारा सुटला होता.

आणि ज्युड? ज्युड हळूच मांडवाच्या दिशेने निघाला होता. त्याची बायको सालोमी त्याची कॉलर धरून उभी राहिली. "म्हनून होय रे? तीन वर्षांत चौदा लग्नं जेवलो आपन! मी म्हनते, ह्या मानसाला एवढी कोन आमंत्रनं देते?"

अजून कोणी तोंडाने कबूल केलं नव्हतं. पोरांना तर अजून वाटतच होतं की अकरांतला एक खरा आहे, तेवढा शोधला की झालं. "टेस्ट करू या ना काहीतरी," चिराग म्हणाला.

तेव्हा कमळी पुढे आली. हातात पाण्याचा तांब्या, नऊवारीचा पदर खोचलेला. "खऱ्या दगडाची एक खून हाय," ती म्हणाली. "पुरुषांना म्हाईत नाय. आमा बायांना म्हाईत हाय."

दहा म्हाताऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खूण? कसली खूण? हरेश्वरने ज्युडकडे पाहिलं. ज्युडने खांदे उडवले.

कमळीने खारवडीच्या टोकापासून सुरुवात केली. पहिल्या दगडाच्या खळग्यात पाणी ओतलं, क्षणभर पाहिलं, पुढे गेली. दुसरा. तिसरा. हिराजीचा चौथा, तिथेही पाणी ओतलं, पाहिलं, पुढे. बेंजोवाला आता कुठे गप्प झाला. निधी शालू सावरत आजीच्या मागून चालू लागली. नववा झाला, दहावा झाला. शेवटचा हरेश्वरचा. तीन वर्षांची फुलं ज्याला वाहिली तो.

कमळीने तांब्या वाकवला आणि हरेश्वरला राहवलं नाही.

"कमळे, थांब!"

त्याचा आवाज इतका मोठा निघाला की काठावरचे बगळे उडाले. "ओतू नको. माजा खोटा हाय." दोन्ही गावं ऐकत होती. एकदा सुटलेलं तोंड आता कुठलं थांबतंय. "मला नाय सापडला गो. आठ दिस शोधला, नाय सापडला. तू जेवत नव्हतीस, तर मी ज्युडकडून करून आनला. तुला फसवलं मी. पन पोरीचा नारळ खोट्यावर नाय फुटला पायजे, म्हनून सांगतो. काय बोलायचं ते बोल मला, पन तिला काय नको."

आणि मग रांगेच्या त्या टोकाकडून हिराजीचा बारीक आवाज आला, "माजा पन."

"माजा पन."

"आमचा पन तोच प्रकार."

दहाच्या दहा. पुढच्यांना तर वाक्यसुद्धा पुरं करवेना, नुसते हात वर केले. प्रत्येकाची गोष्ट तीच: बायको गप्प झाली, मी शोधला, सापडला नाही, ज्युडकडे गेलो. तीन वर्षं दहा म्हातारे एकमेकांसमोर पत्ते खेळत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की गावात लबाड तो एकटाच.

हरेश्वर कमळीकडे बघत होता. तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होता, आणि भलतंच झालं, कमळीला हसू फुटलं. आधी पदरात, मग पदराबाहेर, मग अशी खदखदून हसली की तिने तांब्या निधीच्या हातात दिला आणि आपल्याच गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. तिच्यामागे जिजा हसली, मग हिराजीची बायको, मग सगळ्या. दोन्ही गावच्या म्हाताऱ्या एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या.

"अवो, मला पहिल्या पावसातच कळलं होतं," कमळी डोळे पुसत म्हणाली.

"काय?"

"खऱ्या खळग्यात पानी राहत नव्हतं. बारीक चीर होती त्याला. आमी पोरी सुकतीच्या वेळी, पानी ओसरलं की पुलाखाली शिंपल्यातल्या शिवल्या काढायला जायचो. वरून वरात आली की कमानीखाली तोंड वर करून उभ्या राहायचो. वर नारळ फुटला की पानी चिरेतून खाली टपटप टपटप. कोनाच्या तोंडात, कोनाच्या डोळ्यात. हिराजीच्या बायकोच्या तर कानात गेलं होतं!" हिराजीच्या बायकोने कान धरून होकार भरला. "तुमी पुरुष वर मिशा पिळत उभे. तुमाला कुठून म्हाईत? आनि तुमच्या ह्या दगडात तर चिमन्या आंघोळ करतात."

"मग तीन वर्षं बोलली का नाय तू?"

कमळीचं हसू हळूहळू उतरलं. "तुमी चिखलातून आठ दिस फिरलात ते मी बघितलं नाय? पायाला शिंपले लागून चिरा पडल्या होत्या तुमच्या. त्या दगडाला मी फूल वाहात होते ते काय बापासाठी वाहात होते?" एवढं म्हणून ती दुसरीकडे बघू लागली, आणि हरेश्वरही दुसरीकडे बघू लागला, पण यावेळी पाण्याकडे बघत असल्याचं काही त्याला नीट दाखवता आलं नाही.

जिजा म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याला मरेपर्यंत केवढा आनंद होता, बायकोला खरा दगड आनून दिला म्हनून. मी कशाला सांगू?" आणि डोळ्याला पदर लावता लावता पुन्हा हसली.

"पण मग आता?" निधीने विचारलं. तांब्या अजून तिच्या हातात होता, मेंदीच्या हातावर पाणी सांडत होतं. "नारळ कशावर फोडायचा? खरा तर एक पण नाही."

हरेश्वर रांगेकडे पाहत होता. मग फाट्याकडे. ओहोटी लागलेली होती, पाणी मध्यात पोटरीभर उरलं होतं आणि जुन्या पुलाच्या पायाची काळी ओळ या टेकूपासून त्या टेकूपर्यंत चिखलातून वर डोकावत होती. त्याने हिराजीकडे पाहिलं.

"किती हात असेल रे?"

हिराजीने डोळे बारीक केले. "वीस हात. बावीस."

"आनि दगड अकरा."

बास. पुढे काही बोलायची गरजच पडली नाही. हरेश्वरने धोतर खोचलं, हिराजीने पँट गुडघ्यापर्यंत वर केली, आणि दहा म्हातारे आरडाओरडा करत चिखलात उतरले. पोरांनी दगड उचलायचे, म्हाताऱ्यांनी जागा दाखवायची. "इकडं! अरे इकडं नाय, पायावर ठेव पायावर! तुज्या बापाने केला होता का चिखलात पूल?" ज्युडला सालोमीनेच ढकलून खाली उतरवलं, आणि तो प्रत्येक दगडाखाली चिपा सारून तो डगमगतो का बघू लागला. बेंजो पुन्हा सुरू झाला. एक म्हातारा बसकण मारून पडला आणि पडल्या पडल्या नाचला. दिपिका काठावरून ओरडत होती, "भरती सुरू होईल! आवरा!" आणि खरंच, अकरावा दगड बसेपर्यंत पाण्याने पलटी घेतली होती. पहिल्या दगडाच्या कडेला ते चाटू लागलं होतं.

मधला, सहावा दगड हरेश्वरचा ठेवला. तो कोणी ठरवला, कोणालाच सांगता आलं नाही.

निधीने चपला चिरागच्या हातात दिल्या, शालू गुडघ्यापर्यंत घेतला आणि एका दगडावरून दुसऱ्यावर उड्या टाकत निघाली. मध्यावर थांबली. मागून चिराग आला, पाचव्या दगडावर एकदा घसरला आणि दोन्ही गावांनी "अरे अरे" केलं. हरेश्वर पोटरीभर पाण्यात उभा होता. त्याने नारळ उचलला. पहिला घाव चुकला. दुसराही चुकला. "घाई नको," कमळी काठावरून म्हणाली, "माज्या बापालाबी तीन लागले." तिसऱ्याला नारळ फुटला, दोन वाट्या झाल्या, आणि पाणी खळग्यात उतरलं आणि तिथेच राहिलं. निधीने उजवं पाऊल दगडाच्या कडेला ठेवलं आणि उड्या मारत सासरी गेली. खारवडीच्या काठावर फटाके वाजले, म्हाताऱ्यांनी एकमेकांना चिखल फासला, आणि हिराजी ज्युडच्या गळ्यात पडून का कोण जाणे ओक्साबोक्शी रडला.

पाणी चढत होतं. माणसं काठाकडे परतू लागली. हरेश्वर मात्र अजून मध्येच उभा होता. पाठीमागे छपछप झालं म्हणून त्याने वळून पाहिलं, तर कमळी येत होती. चपला हातात, पदर खोचलेला, एकेका दगडावर पाय रोवत. तीन वर्षांत माहेरी ती रिक्षाने गेली होती, सिमेंटवरून. पायांनी आज निघाली होती.

"अगो, पानी चढते!"

"चढू दे. मला पलीकडं पोचवा."

सहाव्या दगडाशी ती थांबली, पन्नास वर्षं थांबायची तशी. वाकली. भरतीची पहिली लाट दगडाच्या अंगापर्यंत आली होती, वर चढली नव्हती, आणि खळग्यात नारळाचं पाणी अजून होतं. कमळीने ओंजळीने ते उचललं आणि प्यायली.

"पोरवयात खालून तोंड वासून एक थेंब मिळायचा," ती म्हणाली. "आज ओंजळभर मिळालं."

उरलेलं तिने ओंजळीतच त्याच्या तोंडाशी धरलं. हरेश्वर प्यायला. गोड होतं. थोडं खारटही होतं, पण ते खाडीचं होतं की डोळ्यांचं, हे बघायला वेळ नव्हता, कारण पाणी पोटरीच्या वर आलं होतं आणि काठावरून सगळं माहेर ओरडत होतं. त्याने तिचा हात धरला आणि दोघं सातव्या दगडावर गेली.